लोखंडवालाच्या आधीचं वडाळा

‘वडाळा’ बघायचा तर आधी ‘लोखंडवाला’ बघावा लागतो का, हा प्रश्न सिनेमाचं वेड असलेल्या कुणाशीही बोलायला बसलं की निघतोच. नाही लागत. दोन्ही सिनेमांची नावं सख्ख्या भावांसारखी असली, तरी एकातला माणूस दुसऱ्यात येत नाही. बड्या भाईची सावली तेवढी दोन्हीकडे आहे.

‘शूटआउट ॲट लोखंडवाला’ मे २००७ मध्ये आला, दिग्दर्शक अपूर्व लाखिया. ‘शूटआउट ॲट वडाळा’ मे २०१३ मध्ये आला, दिग्दर्शक संजय गुप्ता. हे गुप्ता पहिल्या सिनेमाचे निर्माते होते आणि एकता कपूर दोन्हीकडे होत्या, म्हणजे घर एकच. पहिल्या सिनेमातली चकमक १६ नोव्हेंबर १९९१ ची, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या स्वाती इमारतीतली. तिच्यात माया डोळस आणि दिलीप बुवा हे टोळीवाले मारले गेले. दुसऱ्यातली चकमक ११ जानेवारी १९८२ ची, वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळची. तिच्यात मन्या सुर्वे हा गुंड मारला गेला. सिनेमा नंतरचा आणि हकिगत जवळजवळ दहा वर्षं आधीची, म्हणून त्याला प्रीक्वेल म्हणायचं.

गंमत अशी की तुषार कपूर दोन्ही सिनेमांत आहे. पहिल्यात तो दिलीप बुवा, दुसऱ्यात शेख मुनीर. ज्याला १९९१ मध्ये मरताना पाहिलं, तोच चेहरा १९८२ च्या आधी दुसऱ्या नावानं हिंडताना दिसतो. पहिला भाग बघून दुसरा लावणाऱ्याचा इथेच घोळ होतो, आणि पोरं मग दुवे शोधत बसतात. दुवे शोधू नयेत. ते तिथे नाहीत.

ही पुस्तिका वडाळा या एकाच सिनेमाची आहे. पुढच्या पानांत त्यातले प्रसंग आणि खऱ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्याआधी दोन गोष्टींचा निकाल लावायला हवा: सिनेमा कुठे बघायचा, आणि मुळात बघायचाच कशाला. त्यातली दुसरी मोठी आहे, म्हणून प्रस्तावना लांबली.

शेवट ठाऊक असताना आधीची गोष्ट का बघावी, असं काही जण विचारतात. आमच्या येरमाळ्यात हा आक्षेप टिकायचा नाही. येडेश्वरीच्या डोंगरावर आराधी रात्र-रात्र देवीची गाणी म्हणतात. समोर बसलेल्याला पुढची ओळ पाठ असते, तरी कुणी उठून जात नाही. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघणार, चुनखडीच्या रानात लोक खडे वेचणार, पालखी आमराईत मुक्कामाला जाणार, हे सगळं दरवर्षीचं ठरलेलं. माणसं त्याच्यासाठीच येतात. शेवट माहीत असणं ही अडचण नव्हेच. आधीची गोष्ट बघितल्यावर माहीत असलेला शेवट वेगळा दिसायला लागला पाहिजे, एवढीच अट. ‘द गॉडफादर’च्या १९७४ च्या दुसऱ्या भागात ते घडतं. सिसिलीतून एकटा आलेला पोरगा बघितला, की पहिल्या भागातल्या म्हाताऱ्या डॉनचा हळू आवाज वेगळाच ऐकू येतो.

दर वेळी ते जमत नाही. ‘द सोप्रानोज’ ही अमेरिकी मालिका १९९९ ते २००७ अशी चालली. तिच्या आधीची गोष्ट सांगणारा ‘द मेनी सेंट्स ऑफ न्यूआर्क’ १ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेत थिएटरात आणि घरच्या पडद्यावर एकाच दिवशी आला. मालिकेत नायक टोनी झालेला जेम्स गँडोल्फिनी २०१३ मध्ये वारला होता. त्याच्या मुलाला, मायकेलला, तरुण टोनीचं काम दिलं. बापाचा चेहरा पोराच्या चेहऱ्यात शोधायला लोक बसले, आणि सिनेमा निघाला डिकी नावाच्या भलत्याच माणसाचा. आपल्याकडे राम गोपाल वर्मांच्या ‘कंपनी’ला (२००२) आधीची गोष्ट जोडायचा प्रयत्न २००५ मध्ये ‘डी’नं केला, दिग्दर्शक विश्राम सावंत. हवालदाराचा मुलगा टोळीचा मालक कसा होतो, हे त्यात थंड डोक्यानं दाखवलंय. रणदीप हूडाचं काम चांगलं आहे. तरी तो आज कुणाच्या लक्षात नाही, आणि वडाळा मात्र रीलमधून, स्टेटसमधून अजून हिंडतोय. त्याला कारण संवाद.

आता कुठे बघायचा ते. येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव, एका अंगाला बार्शी, दुसऱ्या अंगाला कळंब. मोठ्या पडद्याची हौस फेडायची तर आमच्याकडच्या माणसानं बार्शी किंवा सोलापूर गाठायचं, ही जुनी वहिवाट. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्याकडे सिनेमा आपल्या पायानं आला. गणपतीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणून रात्रीत तीन सिनेमे बघणारी पिढी अजून आहे. पुढे सीडी आल्या. पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टीव्हीत मारामारीचे सिनेमे लागायचे आणि झोपलेली बाळं गोळीबारानं उठायची. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायला लागले. वडाळा आला तो काळ नेमका मेमरी कार्डाचा. आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी तो अडीच-तीन इंचांच्या पडद्यावर पहिल्यांदा बघितला, आणि मन्या सुर्वे म्हणजे जॉन अब्राहमच्या दंडाएवढा माणूस असा समज तिथेच पक्का झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून देणाऱ्यांचा धंदा बसला.

तेव्हापासून अडचण बदलली. सिनेमा मिळत नाही ही तक्रार राहिली नाही, तो आज कुठल्या ॲपवर आहे हा प्रश्न उरला. हक्क ठरावीक मुदतीचे असतात. मुदत सरली की सिनेमा एका ॲपवरून उठतो आणि दुसरीकडे बसतो, कधी काही महिने कुठेच नसतो. ‘द सोप्रानोज’चंच घ्या. ती मालिका मार्च २०२३ अखेरपर्यंत हॉटस्टारवर होती, मग जिओसिनेमाकडे गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं. म्हणून या पुस्तिकेत एका ॲपचं नाव छापून ठेवण्यात अर्थ नाही. शाई वाळायच्या आत ते जुनं व्हायचं. जस्टवॉच नावाच्या सोयीत भारत निवडून सिनेमाचं नाव टाकावं. त्या दिवशी तो कुठे फुकट आहे, कुठे वर्गणीत आहे आणि कुठे भाड्यानं मिळतो, ते समोर येतं. नव्या वर्गणीच्या भानगडीत एका सिनेमासाठी पडू नये. भाड्यानं मिळत असेल तर तेच स्वस्त. टेलिग्रामवरच्या प्रतीच्या नादी लागू नका. ती चोरीची तर असतेच, वर बरेचदा कडा कापलेली आणि आवाज मागे-पुढे झालेली असते.

टीव्हीवर कधीतरी लागेल तेव्हा बघू, असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. हा सिनेमा ‘ए’ प्रमाणपत्राचा, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा. असा सिनेमा आपल्याकडे टीव्हीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही. काटछाट करून ‘यूए’ प्रमाणपत्र पुन्हा घ्यावं लागतं. वडाळ्यातून रक्त, शिव्या आणि पलंग काढले तर जे उरतं त्यात गोष्टीचे सांधे दिसेनासे होतात. कोण कुणावर का चिडलाय हे कळायच्या आत माणूस मेलेला असतो. बघायचा तर अख्खा बघा. आणि घरात म्हातारी माणसं, लेकरं असताना लावू नका. तीन आयटम गाणी आहेत, एकेक पुढे पळवताना रिमोट घामेजतो.

कुठे बघायचा याचं माझ्या मते खरं उत्तर ॲपचं नाव नाहीच. पाच-दहा जण मिळून बघा. मिलाप झवेरींनी लिहिलेले संवाद शिट्ट्यांसाठी लिहिलेत. दोन माणसं साधं बोलत नाहीत. प्रत्येक जण आपलं वाक्य फेकतो आणि टाळ्यांसाठी जागा सोडतो. एकट्यानं, कानात हेडफोन घालून ऐकलं तर ते नुसतं ओरडणं वाटतं. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून ट्रकवर प्रोजेक्टर घालून हिंडणाऱ्या तंबू टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातले तंबूतले चेहरे बघितले की वडाळ्यासारखा सिनेमा कुठल्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो ते लक्षात येतं. तंबू आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. सिनेमा मात्र अजून त्यांच्यासाठीच बनतोय.

आता, बघायचाच कशाला.

दोन्ही सिनेमांची मांडणी शेजारी ठेवली की एक नाट्य दिसतं, ते मला दोन्ही गोळीबारांपेक्षा मोठं वाटतं. लोखंडवालात तीन पोलीस अधिकारी अमिताभ बच्चनच्या वकिलासमोर बसून हकिगत सांगतात. बोलणारे पोलीस, मेलेले गुन्हेगार गप्प. वडाळ्यात हे उलटं केलंय. गोळ्या लागलेला मन्या मरता मरता पोलीस अधिकाऱ्याला आपली कहाणी सांगतो. म्हणजे आधीची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा माइक मेलेल्याच्या हातात दिला. हा फार मोठा बदल आहे. ‘याला का मारलं’ या प्रश्नाच्या जागी ‘हा असा का झाला’ हा प्रश्न येतो.

नावांचंही तसंच. हुसेन झैदींच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकावर सिनेमा बेतलाय. त्यातल्या टोळीवाल्या कासकर भावांचे सिनेमात हक्सर भाऊ झाले. मनोज बाजपेयी आणि सोनू सूदनं त्यांची कामं केलीत. चकमकीतले अधिकारी इसाक बागवान आणि राजा तांबट यांचीही नावं फिरवली. बागवानांच्या धर्तीवरची भूमिका अनिल कपूरची. मन्या सुर्वे मात्र मन्या सुर्वेच राहिला. लोखंडवालातही ए. ए. खान यांचा शमशेर खान झाला, माया डोळस माया डोळसच. ज्यांच्यामागे ताकद होती त्यांना टोपणनावं मिळाली, आणि जे चाळीतून आले आणि रस्त्यावर मेले त्यांची नावं उघडी पडली. यात निर्मात्यांची वकिली सावधगिरी असेल. पण दिसतं ते असं दिसतं.

माइक हातात आल्यावर मन्या काय सांगतो? इथे सिनेमा पडतो. तो सांगतो ती तक्रार एका माणसाची: मी शिकत होतो, भावानं केलेल्या भानगडीत मला अडकवलं, एका वाईट पोलिसानं माझं आयुष्य नासवलं. खऱ्या हकिगतीत हे धागे आहेत. मनोहर अर्जुन सुर्वे कोकणातला, गिरणगावात वाढलेला, कीर्ती कॉलेजात शिकलेला. १९६९ च्या खुनाच्या खटल्यात सावत्र भावासोबत त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात तो जेम्स हॅडली चेसच्या कादंबऱ्या वाचायचा असं सांगितलं जातं. (बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या पिढीला यात नवल वाटायचं कारण नाही. त्यांच्या धनंजयच्या कथा वाचून कुणी दरोडे घातल्याचं मात्र ऐकिवात नाही.) उपोषण करून तो आजारी पडला, त्याला रत्नागिरीच्या रुग्णालयात हलवलं आणि तिथून नोव्हेंबर १९७९ मध्ये तो निसटला, अशी हकिगत आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर त्या कासकर भावांपैकी शबीरचा खून झाला, त्यात मन्याचं नाव आलं. पुढे अकरा महिन्यांत वडाळा. मुंबईतली पहिली चकमक म्हणून तीच सांगितली जाते.

या सगळ्यात एक तारीख सिनेमानं सोडून दिली. मन्या मेला ११ जानेवारी १९८२ ला. बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला गिरणीच उरली नाही. मन्या ज्या परळ-लालबागच्या चाळींतून आला, त्या चाळीच त्या वर्षी उपाशी पडल्या. मन्याच्या गुन्ह्यांना संप जबाबदार नाही, तो तर आधीच मेला होता. पण त्याच्या पाठोपाठ जी पोरं आली, नोकरीच्या रांगेतून थेट टोळीच्या रांगेत गेली, त्यांची गोष्ट त्या आठवड्यात सुरू होते. लोखंडवालाच्या आधी काय घडलं, असं खरोखर विचारायचं असेल तर बोट तिथे ठेवावं लागतं. वडाळा त्या आठवड्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो. मरणारा माणूस शहराबद्दल एक अक्षर बोलत नाही.

शहराबद्दलचं ते बोलणं दुसऱ्या एका सिनेमात आहे. २०१० मध्ये महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ आला, हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून तो केला. संपात बसलेला बाप, घर ओढणारी आई आणि एकेक करून हातातून सुटणारी पोरं. शशांक शेंडे आणि सीमा बिस्वास यांचं घर बघताना गोळी सुटायच्या आधीच पोटात खड्डा पडतो. पोरगा पिस्तूल हातात घेतो तेव्हा त्याचा राग येत नाही आणि त्याचं कौतुकही वाटत नाही. हिंदी गँगस्टरपटाला या दोन्हींच्या मधली जागाच सापडलेली नाही. योगायोग असा की हेच मांजरेकर वडाळ्यात पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत. ज्यानं खरी आधीची गोष्ट सांगितली तोच माणूस दुसऱ्याच्या सिनेमात वर्दी घालून उभा आहे.

येरमाळ्यात बसून मुंबईच्या गिरण्यांचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आमच्याकडची माणसं गिरणीत फारशी गेली नाहीत हे खरं. आमची वाट ऊसतोडीची आणि अलीकडे पुण्याची. पण गावाशेजारून चौपदरी रस्ता गेला, जमिनी संपादनात गेल्या, कुणाच्या हातात एकदम पैसा आला आणि तो कुठे गेला हे नीट सांगता येत नाही, अशी घरं महामार्गावरच्या कुठल्याही गावात दाखवता येतील. त्या घरांतली पोरं प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) पुन्हा पुन्हा का बघतात? त्यात जमीन विकलेला पाटील हमाली करतो आणि त्याचा पोरगा गुंड होतो. ती गोष्ट पुण्याच्या कडेची असली तरी ओळखीची आहे. तिच्यात आधीचं सगळं पोटातच आहे, वेगळा भाग काढावा लागला नाही. पोरं मात्र त्यातली चारचाकी आणि कोयताच तेवढा उचलतात. वडाळ्यातूनही त्यांनी तेच उचललं: बनियन, दंड, आणि ‘आला रे आला’ची चाल. मरणाऱ्या माणसाचं बोलणं तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाही.

मग बघायचा की नाही? एकदा बघा. जॉन अब्राहमला दंडाच्या जोरावर जेवढं जमतं तेवढंच तो करतो. अनिल कपूर थकलेला आणि खरा वाटतो. मनोज बाजपेयी थोड्याच प्रसंगांत सिनेमा खिशात घालतो, आणि तो मेला की पुढचा भाग बसकण मारतो. कंगनाच्या वाट्याला रडणं सोडून फार काही आलेलं नाही. दोनदा बघण्यासारखा तो नाही. लोखंडवाला न बघितलेल्यांचं काही अडत नाही, पण कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे एवढं ताडून बघायला त्याची पहिली पंधरा मिनिटं पुरे.

क्रम विचाराल तर आधी ‘लालबाग परळ’, मराठीतला, हिंदी नव्हे. मग मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्यावेत. मग वडाळा, गाणी पळवून. पेट्रोल पंपाचा प्रसंग आला की या पुस्तिकेचं दुसरं प्रकरण उघडावं. तिथे खऱ्या घटनेचा क्रम दिला आहे, आणि सिनेमानं तो कुठे वाकवला तेही.